मॉर्गेज नोट विकत घेणाऱ्याला ब्रोकरकडून नेमकं काय हवं असतं? पहिल्या फोनपासून क्लोजिंगपर्यंत

नोट ब्रोकिंगला भांडवल लागत नाही, दुकान लागत नाही, फोन आणि लॅपटॉप असला की झालं, असं युट्यूबवर ऐकून अमेरिकेतले आपल्यातलेही काहीजण यात हात घालून बघतात. भांडवल लागत नाही हे खरंच आहे. पण नोट विकत घेणारा जो बायर असतो ना, त्याच्या टेबलावर रोज असल्या फाइली येत असतात आणि त्यातल्या बऱ्याचशा तो दोन मिनिटांत बाजूला सारतो, कारण ब्रोकरला स्वतःलाच माहीत नसतं तो काय विकतोय. बायरला गोड बोलणारा सेल्समन नको असतो. त्याला एवढंच हवं असतं की तुम्ही पहिल्या फोनला जे सांगितलं तेच क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पुरा होण्याच्या, दिवशी निघावं. बाकी सगळं याच एका गोष्टीतून येतं.

आधी नवीन लोकांसाठी थोडक्यात. समजा ओहायोतल्या एका आजोबांनी घर विकायला काढलं, घेणाऱ्याला बँक कर्ज देईना, म्हणून आजोबा म्हणाले २० टक्के आत्ता दे, बाकीचे मला दरमहा हप्त्याने दे. याला म्हणायचं सेलर फायनान्सिंग. यात दोन कागद होतात, एक प्रॉमिसरी नोट म्हणजे पैसे देण्याचं वचन, आणि दुसरा मॉर्गेज, किंवा टेक्सस-कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत डीड ऑफ ट्रस्ट, म्हणजे घर तारण असल्याचा कागद. हा दुसरा काउंटीत रेकॉर्ड होतो, आपल्या सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा चढतो साधारण तसंच. पुढे दोन वर्षांनी आजोबांना एकरकमी पैसे लागले तर ते ही नोट डिस्काउंटने विकू शकतात. विकत घेणारा तो बायर, दोघांची गाठ घालून देणारे तुम्ही, आणि बायर जे देतो आणि आजोबांना जे मिळतं त्यातला फरक तुमचा.

पायरी १ : कोट (बायर देऊ करतो ती किंमत) मागण्याआधी पूर्ण माहिती काढा

"माझ्याकडे एक छान नोट आहे, किती द्याल?" असा ईमेल बायरला पाठवू नका. तुम्ही नवखे आहात हे तिथेच कळतं. नोटहोल्डरशी (नोट ज्याच्याकडे आहे तो, वरच्या उदाहरणातले आजोबा) एकदा शांतपणे अर्धा तास बोला आणि हे सगळं लिहून काढा: घर कधी आणि कितीला विकलं, डाउन पेमेंट किती आणि कशाने दिलं (चेकने दिलं, रोख दिलं की "त्याने घराचं काम करून दिलं ते धरलं" असलं काही), नोट मूळ किती रकमेची, व्याज किती, मुदत किती, पहिला हप्ता कधीचा, हप्ता किती, मध्येच बलून, म्हणजे एकदम भरायची मोठी रक्कम, आहे का, आजवर किती हप्ते आले, त्यातले उशिरा किती, बाकी किती. मग घराबद्दल: पत्ता, सिंगल फॅमिली आहे की मोबाइल होम की नुसती जमीन, त्यात घेणारा स्वतः राहतो की भाड्याने दिलंय, प्रॉपर्टी टॅक्स भरलेत का, इन्शुरन्स चालू आहे का.

मोबाइल होम असेल तर ते कोणत्या साली बनलंय हे विचाराच. १५ जून १९७६ पासून हडचा (अमेरिकन सरकारच्या गृहनिर्माण खात्याचा) कोड लागू झाला, त्याआधीच्या घराला बरेच बायर हातच लावत नाहीत, आणि घर जमिनीला पक्कं बसवलंय का, जमीन पण नोटेत आहे का, हेही लागतं.

नोट पहिल्या नंबरची आहे की दुसऱ्या (म्हणजे घरावर तिच्याआधी दुसऱ्या कर्जाचा बोजा आहे का) हे विचारताना एक प्रश्न जास्तीचा विचारा, "तुमच्या नावावर या घराचं जुनं बँकेचं कर्ज अजून चालू आहे का?" कारण कित्येक जण आधीचं कर्ज न फेडता त्याच्यावरच नवीन नोट करून देतात, रॅप म्हणतात त्याला. आणि बँकेच्या कर्जात घर विकलं की सगळे पैसे एकदम मागायचं कलम असतं, १९८२ च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्यामुळे बँक ते बहुतेक वेळा वापरू शकते. असली नोट विकताच येत नाही असं नाही, पण बायरला हे टायटल रिपोर्टमधून, म्हणजे घराच्या मालकी आणि बोजांच्या तपासातून, कळलं तर तुमचं नाव कायमचं गेलं.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जो बहुतेक ब्रोकर विचारतच नाहीत: पैसे कशाला हवेत आणि किती हवेत? भोचकपणा वाटतो पण विचारा. उत्तर "मुलीच्या कॉलेजला ४० हजार हवेत" असं असेल तर पूर्ण नोट विकायची गरजच नाही, त्याचं गणित खाली येतंय.

पायरी २ : बायरच्या आधी तुम्ही गणित करा

फायनान्शियल कॅल्क्युलेटर शिकून घ्या, एचपी १२सी घ्या नाहीतर टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस, नाहीतर एक्सेल, काहीही चालेल. पण हे न शिकता या धंद्यात राहता येत नाही, हे माझं ठाम मत.

उदाहरण घेऊ. घर सव्वा लाख डॉलरला विकलं, २५ हजार डाउन, १ लाखाची नोट, ८ टक्के व्याज, २० वर्षं. हप्ता येतो ८३६.४४ डॉलर. २४ हप्ते येऊन गेले, २१६ राहिले. आज बाकी निघते साधारण ९५,५९७. नोटहोल्डरने तुम्हाला बाकी ९८ हजार सांगितली तर काहीतरी गडबड आहे, एकतर हप्ते चुकलेत किंवा हिशोबच ठेवलेला नाही. मुदत ३० वर्षं सांगितली आणि हप्ता ८३६.४४, तरीही जुळत नाही, ३० वर्षांना हप्ता ७३३.७६ येतो. म्हणजे कागद बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि हप्ते भरणाऱ्याच्या डोक्यात तिसराच आकडा असू शकतो. "मी २० हजार भरलेत, म्हणजे ८० राहिले" असं मनापासून मानणारे लोक असतात, व्याज नावाची गोष्ट ते धरतच नाहीत. हे क्लोजिंगच्या आदल्या दिवशी कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

आता बायरला १२ टक्के यील्ड, म्हणजे गुंतवलेल्या पैशावर वार्षिक परतावा, हवं असेल तर उरलेल्या २१६ हप्त्यांची आजची किंमत होते ७३,८९४ डॉलर. नोटहोल्डरला हे ऐकून धक्का बसतो, "माझे ९५ हजार येणं आहे आणि तुम्ही ७४ देताय?" इथे ब्रोकरचं खरं काम असतं. त्याला नीट समजावून सांगायचं की ते ९५ हजार आज नाही, १८ वर्षांत मिळणार आहेत, आणि बायर ८ टक्क्यांच्या कागदात १२ टक्के कमवायला बघतोय म्हणून फरक. बायर तुमच्याकडून हेच धरून चालतो की नोटहोल्डरला डिस्काउंट म्हणजे काय हे तुम्ही आधीच सांगितलेलं असेल. न सांगता नुसतं "चांगली किंमत मिळेल" म्हणून झुलवत ठेवलं तर शेवटी सहीच्या वेळी घोडं अडतं.

आणि पार्शल, म्हणजे नोटेचे काही हप्तेच विकणं. याच नोटेतले पुढचे फक्त ८४ हप्ते, म्हणजे ७ वर्षांचे, बायरने १२ टक्क्यांनी घेतले तर तो आज ४७,३८३ डॉलर देतो. ७ वर्षांनी नोट आजोबांकडे परत येते आणि तेव्हा तिच्यावर अजून साधारण ७३,२७० डॉलर बाकी असते! ज्याला ४० हजारच हवेत त्याच्यासाठी याहून चांगलं काय. बायरलाही पार्शल आवडतं, कारण त्याचे पैसे घराच्या किमतीच्या मानाने फार कमी अडकतात. नोटहोल्डरची गरज ओळखून ब्रोकरने स्वतःहून पार्शल सुचवलं की बायर पुढच्या वेळी त्याचा फोन लगेच उचलतो.

अजून एक आकडा बायर बघतो, इन्व्हेस्टमेंट टू व्हॅल्यू, म्हणजे त्याचे गुंतलेले पैसे घराच्या आजच्या किमतीच्या किती टक्के. सव्वा लाखाच्या घरावर ७३,८९४ म्हणजे ५९ टक्के, ठीक. पण घराची आजची किंमत एजंटने लाखच काढली आणि बायरची मर्यादा ६५ टक्के असली तर तो ६५ हजारच देणार, यील्ड गेलं खड्ड्यात. म्हणून "झिलोवर तर जास्त दाखवतंय" हे पुरत नाही, आजूबाजूला अलीकडे काय विकलं गेलं ते तुम्ही आधी बघून ठेवा, आणि घराचं छप्पर गळतंय हे माहीत असेल तर सांगून टाका.

पायरी ३ : कागद स्वतः डोळ्याखालून घाला

नोट, रेकॉर्ड झालेलं मॉर्गेज किंवा डीड ऑफ ट्रस्ट, घरविक्रीचं क्लोजिंग स्टेटमेंट, टायटल पॉलिसी असेल तर ती, आणि इन्शुरन्सचं पान, एवढ्याच्या स्वच्छ स्कॅन कॉपी बायरला हव्या असतात. मोबाइलवर वाकडे-तिकडे काढलेले, अर्ध्या पानावर अंगठ्याची सावली पडलेले फोटो नकोत, प्लीज.

वाचताना काय बघायचं? नावं दोन्ही कागदांवर सारखी आहेत का. सही करणारे सगळे मालक आहेत का, नवरा-बायको दोघांच्या नावावर घर होतं तर विकतानाही दोघं लागतात, त्यातलं कोणी वारलं असेल किंवा घटस्फोट झाला असेल तर त्याचे कागद पण. नोट फॅमिली ट्रस्टच्या नावावर असेल तर ट्रस्टी कोण हे दाखवणारा कागद. प्रॉपर्टीचं लीगल वर्णन बरोबर आहे का. उशीर झाला तर लेट चार्ज आहे का. आणि मॉर्गेजवर काउंटीच्या रेकॉर्डिंगचा शिक्का आणि नंबर आहे का, कारण वकील न लावता घरच्या घरी केलेल्या व्यवहारात मॉर्गेज कपाटातच राहून गेलंय, रेकॉर्डच झालेलं नाही, असंही होतं.

मूळ नोट कुठे आहे हे पहिल्याच आठवड्यात विचारा. शाईने सही केलेली मूळ नोट. बायर त्याच कागदावर मागे, किंवा अलाँज नावाचं जोडपान लावून त्यावर, आपल्या नावाने एंडॉर्समेंट, म्हणजे नोट त्याला दिल्याची सही, घेणार असतो. मूळ नोट हरवली असेल तर लॉस्ट नोट अ‍ॅफिडेव्हिट करून काम होऊ शकतं, पण काही बायर नाही म्हणतात आणि जे हो म्हणतात ते वेळ जास्त घेतात. तिजोरीत आहे, मुलाकडे आहे, वकिलाकडे आहे, जिथे असेल तिथून काढायला लावा आणि मगच "आहे" म्हणून सांगा.

नोट-मॉर्गेजऐवजी कॉन्ट्रॅक्ट फॉर डीड, म्हणजे हप्ते फिटल्यावरच घर नावावर करून द्यायचा करार, असेल तर घराचं टायटल अजून विकणाऱ्याकडेच असतं, म्हणजे बायरला डीडसकट सगळं आपल्या नावावर करावं लागतं. हा वेगळाच प्रकार आहे आणि सगळे बायर घेत नाहीत, त्यामुळे पहिल्या वाक्यातच सांगा.

पायरी ४ : हप्त्यांचा पुरावा

"वेळेवर देतो हो, माणूस फार चांगला आहे" याची बायरला किंमत शून्य. हप्ते सर्व्हिसिंग कंपनीकडून येत असतील तर तिचं स्टेटमेंट मागवलं की झालं. बहुतेक आजोबांकडे मात्र वहीत तारखा लिहिलेल्या असतात. मग बँक स्टेटमेंटमध्ये ती रक्कम जमा झालेली दाखवायची, निदान १२ महिन्यांची, चेकच्या कॉपी असतील तर उत्तम. झेल किंवा व्हेन्मोसारख्या पैसे पाठवायच्या अ‍ॅपवरून येत असेल तर तेही चालतं, नाव आणि तारीख दिसायला हवी. रोखीने घेत असतील तर अवघड आहे, पावत्या नसतील तर बायर ते हप्ते आलेच नाहीत असं धरणार.

एक कमी माहीत असलेला पुरावा म्हणजे टॅक्स रिटर्न. घर विकून हप्त्यांनी पैसे घेणाऱ्याने, घेणारा त्यात स्वतः राहत असेल तर, मिळालेलं व्याज शेड्यूल बी वर त्या माणसाच्या नावासकट दाखवायचं असतं, आणि विक्रीचा फायदा फॉर्म ६२५२ वर. हे भरलेलं असेल तर फाइल एकदम भक्कम दिसते. अजिबात भरलेलं नसेल तर त्यांना सीएकडे, म्हणजे इथल्या सीपीएकडे पाठवा. तसंही पाठवाच, कारण नोट विकली की आजवर पुढे ढकललेला फायदा त्या वर्षी टॅक्सला येतो आणि हे आजोबांना एप्रिलमध्ये कळलं तर शिव्या तुम्हालाच पडतात. सल्ला मात्र तुम्ही देऊ नका, तुम्ही सीपीए नाही.

पायरी ५ : डॉड-फ्रँकचा प्रश्न येणारच

२०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याचे घरकर्जाचे नियम जानेवारी २०१४ पासून लागू झाले. त्यानंतर केलेली नोट असेल आणि घेणारा त्या घरात स्वतः राहत असेल तर बायर विचारतो, ही नोट कोणत्या सवलतीत बसते? वर्षात एकच घर असं विकणाऱ्या साध्या माणसाला, ट्रस्टला किंवा इस्टेटला एक सवलत आहे, त्यात बलून चालतो पण मुद्दल वाढत जाणारी रचना चालत नाही. १२ महिन्यांत तीनपर्यंत घरं विकणाऱ्याला दुसरी आहे, त्यात बलून चालत नाही, आणि घेणाऱ्याची हप्ते भरायची ऐपत प्रामाणिकपणे तपासलेली असावी लागते. दोन्हीत घर विकणाऱ्याने स्वतः बांधून विकलेलं नसावं आणि व्याज स्थिर असावं किंवा निदान ५ वर्षं तरी बदलू नये. नोट लायसन्सवाल्या लोन ओरिजिनेटरकडून (कर्ज करून देणाऱ्याकडून) करून घेतली असेल तर बायर खूश, त्याची कागदपत्रं जोडा. घर इन्व्हेस्टमेंटसाठी घेतलेलं असेल तर हे सगळं लागू होत नाही, पण तसं कागदावर दिसलं पाहिजे. तुम्ही वकिली करायची नाहीये, फक्त विकणाऱ्याने त्या वर्षात किती घरं अशी विकली आणि घेणाऱ्याचं उत्पन्न बघितलं होतं का, हे दोन प्रश्न विचारून उत्तर फाइलला लावायचं.

पायरी ६ : कोट, तुमची फी, आणि एका वेळी किती बायर

कोट दोन-तीन बायरकडून घेतला तर कोणी काही म्हणत नाही. पण एकाचा कोट मान्य करून सही केल्यावर तीच फाइल मागच्या दाराने दुसऱ्यांना पाठवत राहणं, हे बायरना बरोबर कळतं, कारण हे जग लहान आहे आणि तोच पत्ता चौघांच्या इनबॉक्सला पडतो. त्याहून वाईट म्हणजे साखळी. नोटहोल्डर एका ब्रोकरला सांगतो, तो दुसऱ्याला, तो तिसऱ्याला, प्रत्येकजण आपले दोन-तीन हजार वर चढवतो आणि बायरपर्यंत जो येतो त्याने नोटहोल्डरचा आवाजसुद्धा ऐकलेला नसतो. पहिलाच प्रश्न येतो, "नोटहोल्डरशी तुम्ही स्वतः बोललात का?" उत्तर नाही असेल तर फाइल पाठवूच नका.

फी कशी ठरते? बायर तुम्हाला ७३,८९४ कोट करतो, तुम्ही नोटहोल्डरला ७०,९०० देऊ करता, मधले साधारण ३ हजार क्लोजिंगला तुम्हाला मिळतात. बायरला तुमच्या फीचं काही वाटत नाही, पण फी काढून नोटहोल्डरला जे उरतं त्यावर तो टिकून राहील ना, याची काळजी त्याला असते. १० हजार काढायला गेलात की नोटहोल्डर चार दिवसांनी इंटरनेटवर दुसरा कोट बघतो आणि पळतो, आणि बायरने तोवर टायटल आणि बीपीओवर (एजंटकडून काढून घेतलेल्या घराच्या किमतीवर) खर्च केलेला असतो. नोटहोल्डरशी लेखी करार करा, त्यात किंमत, मुदत, आणि कागद तपासून झाल्यावर किंमत बदलू शकते हे स्पष्ट लिहा.

पायरी ७ : तपासणीच्या काळात मधे मधे करू नका, पण गायबही होऊ नका

सही झाली की बायर टायटल सर्च मागवतो, बीपीओ किंवा अप्रेझल करतो, हप्ते भरणाऱ्याचा क्रेडिट रिपोर्ट काढतो आणि त्याच्याकडून एस्टॉपल घेतो, म्हणजे बाकी किती, हप्ता किती, पुढचा कधी, काही वाद आहे का, हे तो सही करून कबूल करतो. साधारण तीन-चार आठवडे धरा. या काळात तुमचं काम राहिलेले कागद त्या दिवशीच आणून देणं आणि नोटहोल्डरला धीर देणं.

क्रेडिट रिपोर्ट तुम्ही काढू नका. फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्यात चालू कर्ज विकत घ्यायचा विचार करणाऱ्या गुंतवणूकदाराला तो काढायची परवानगी आहे, ती तुमच्या कुतूहलासाठी नाही. हप्ते भरणाऱ्याला थेट फोन करणंही टाळा, त्याला वाटतं आपलं घर चाललं, आणि तो घाबरून हप्ताच थांबवतो. आधी नोटहोल्डरने त्याला कळवायचं की नोट दुसऱ्याकडे जातेय, तुझ्या अटी काही बदलत नाहीत. आणि सोशल सिक्युरिटी नंबर असलेले कागद व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका, बायरची सुरक्षित लिंक असते ती वापरा.

राज्य कोणतं यावरही किंमत हलते. हप्ते थकले तर टेक्ससमध्ये घराचा कोर्टाबाहेर लिलाव होतो, महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, न्यूयॉर्क-न्यूजर्सीत कोर्टातूनच जावं लागतं आणि वर्षं जातात. न्यूजर्सीतल्या एडिसनच्या घराला डॅलसपेक्षा कमी कोट आला तर बायरशी भांडू नका.

हप्ते थकलेली नोट असेल तर ती चालू नोट म्हणून खपवू नका. थकलेल्या नोटांचे बायर वेगळे, त्यांचं गणित वेगळं, त्यांना किती महिने थकले, दिवाळखोरी दाखल आहे का, फोरक्लोजर (घराची जप्ती) कुठवर आलं, घरात कोण राहतंय हे हवं असतं.

लायसन्स आणि व्हिसा

कॅलिफोर्नियात घर तारण असलेल्या नोटांची दुसऱ्यासाठी दलाली करायला रिअल इस्टेट लायसन्स लागतं. इतर राज्यांचे नियम सारखे नाहीत, ज्या राज्यात घर आहे आणि जिथे तुम्ही बसता ते दोन्ही बघा. मोठे बायर तुमच्याकडे हे विचारतात. आणि एच-वन-बीवर असणाऱ्यांनी जरा थांबा. स्वतःच्या पैशाने नोट विकत घेऊन ठेवणं ही गुंतवणूक झाली, पण फी घेऊन ब्रोकिंग करणं हे काम झालं, आणि तुमचा व्हिसा ज्या कंपनीचा आहे तिच्याशिवाय दुसरं काम करता येत नाही. इमिग्रेशन वकिलाला आधी विचारा.

पायरी ८ : क्लोजिंग

टायटल कंपनी किंवा एस्क्रोमधून (पैसे मधे धरून ठेवणाऱ्या त्रयस्थामार्फत) करा, पैसे तिथून नोटहोल्डरला आणि तुमची फी तुम्हाला. त्या दिवशी मूळ नोट एंडॉर्समेंटसकट बायरकडे जाते, मॉर्गेजची असाइनमेंट, म्हणजे हस्तांतराचा कागद, नोटरीसमोर सही होऊन काउंटीत रेकॉर्डला जाते, इन्शुरन्सवर मॉर्गेजी (तारण ज्याच्याकडे आहे तो) म्हणून बायरचं नाव लागतं आणि हप्ते भरणाऱ्याला जुन्या आणि नव्या दोघांची पत्रं जातात. चांगला ब्रोकर आदल्या दिवशी फोन करून विचारतो की ओळखपत्राची मुदत संपली नाही ना, वायरचा खाते क्रमांक टायटल कंपनीला फोनवर पडताळून दिला ना. वायरचे नंबर बदलल्याचा ईमेल आला तर त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे आजोबांना दोनदा सांगा.

पुढचा एखादा हप्ता सवयीने आजोबांच्याच खात्यात येतो. तो बायरला लगेच पाठवायचा असतो आणि करारात तसं लिहिलेलंही असतं, तरी महिन्याभराने तुम्हीच एक फोन करून खात्री करून घ्या.